पुढे झुपकेदार मिशी, मागे अंधार

हैदराबादहून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही हमरस्त्यावर मालट्रकांची तोंडे पाहावीत. बंपरवर किंवा केबिनच्या माथ्यावर एक राक्षसाचा मुखवटा टांगलेला असतो. बटबटीत डोळे, बाहेर काढलेली लाल जीभ, दोन सुळे आणि गालांवर वळवलेली जाडजूड काळी मिशी. तेलुगूत त्याला ‘दिष्टी बोम्मा’ म्हणतात. बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर तो असतो, नव्या घरावर असतो आणि ट्रकवर तर हमखास असतो. आपल्याकडे काळी बाहुली आणि लिंबू-मिरची जे काम करतात, तेच त्याचे काम, दृष्ट काढून घेण्याचे. या मुखवट्याची एक थट्टेखोर धाकटी आवृत्ती आता शहरातल्या मोटारींवरही दिसते. कुणाच्या बॉनेटवर, कुणाच्या मागच्या काचेवर पिळदार मिशीचे स्टिकर चिकटवलेले असते. ही हौस आहे आणि हौसेला कुणाची हरकत असू नये. पण त्याच ट्रकच्या मागे जाऊन उभे राहिले की चित्र बदलते. फाळक्यावर चिखलाचा थर, एक दिवा फुटलेला, दुसरा मिणमिणता, आणि लाल परावर्तक पट्टी असलीच तर अर्धी सोललेली. दख्खनच्या हिवाळ्यात रस्त्यावरचे जीव वाचवायचे असतील, तर सगळ्यांत आधी गाडीच्या पाठीकडे लक्ष द्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या मिशीवर आपण जेवढी माया करतो, तेवढी मागच्या पट्टीवर केली, तर पुष्कळ अपघात टळतील.

थंडी सुरू झाली की गाडी चालवण्याविषयीचे सल्ले एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाऊ लागतात. त्यातले बरेचसे बर्फाच्या देशांतून आलेले असतात. रेडिएटरमधले पाणी गोठू देऊ नका, हिवाळी टायर बसवा, निघण्यापूर्वी इंजिन बराच वेळ तापू द्या. हैदराबाद समुद्रसपाटीपासून साधारण ५४० मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीत इथले सरासरी किमान तापमान पंधरा अंशांच्या आसपास असते. थंडीची लाट आली की शहराच्या कडेचा पारा दहाच्या खाली उतरतो; संगारेड्डी जिल्ह्यातले कोहीर आणि कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातले सिरपूर ही गावे तर राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत गणली जातात. तरीही इथे रस्त्यावर पाणी गोठत नाही. त्यामुळे परक्या हवेसाठी लिहिलेला सल्ला वाचणाऱ्याला वाटते: हे आपल्यासाठी नाही, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्याचा धोकाच नाही. ही समजूत चुकीची आहे. इथला धोका बर्फाचा नाही. तो पहाटेच्या धुक्याचा, काचेवरच्या दवाचा, लांबलेल्या रात्रीचा आणि त्याच दिवसांत रस्त्यावर उतरणाऱ्या सुगीच्या वाहतुकीचा आहे.

दख्खनमधले धुके कसे पडते, हे समजले की त्याचा धोकाही नीट समजतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडते. तिला लागून असलेली दमट हवा गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब तरंगू लागतात. जिथे ओल जास्त आणि जमीन सखल, तिथे हे आधी घडते. म्हणून तळ्यांच्या काठाने, ओढ्यांच्या पुलांवर आणि भिजवलेल्या शेतांच्या कडेने धुके दाटते, तर चार किलोमीटर पुढे उंचवट्यावर चांदणे स्वच्छ असते. उत्तर भारतातले धुके पंजाबपासून बिहारपर्यंत दिवसचे दिवस पसरून राहते, आणि तिथला चालक घरून निघतानाच त्याच्या तयारीने निघतो. आपल्याकडचे धुके तुकड्यातुकड्यांनी भेटते. उस्मानसागर आणि हिमायतसागर या जलाशयांच्या आसपास किंवा शमशाबादच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर भरधाव चाललेली गाडी काही सेकंदांत पांढऱ्या भिंतीत शिरते. चालकाला वेग कमी करण्याची सूचना त्या भिंतीआधी मिळालेलीच नसते. इथे धुक्याचे दिवस थोडे असतात, हे खरेच आहे. मात्र थोडे असल्यामुळे कुणालाच त्याची सवय नसते आणि ते अवचित गाठते.

आता थोडे गणित पाहू, कारण या विषयात भावनेपेक्षा अंतर महत्त्वाचे आहे. दृश्यमानता ५० ते २०० मीटर असली तर हवामान विभाग त्याला दाट धुके म्हणतो आणि ५० मीटरच्या खाली गेली तर अतिदाट. दुसरीकडे, रस्त्यांची रचना करताना इंडियन रोड्स काँग्रेसने गाडी सुरक्षितपणे थांबायला लागणारे अंतर ठरवून दिले आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाला ४५ मीटर, ६० ला ८०, ८० ला १२० आणि १०० ला १८० मीटर. हे अंतर नुसत्या ब्रेकचे नसते. समोरचे संकट डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जाणारे अडीच सेकंद त्यात धरलेले आहेत, आणि ताशी ८० च्या वेगाने तेवढ्या वेळात गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ५० मीटरपर्यंतच दिसणाऱ्या धुक्यात ८० च्या वेगाने जाणारा माणूस, उभा ट्रक दिसला त्याच क्षणी सावध झाला, तरी ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच त्या ट्रकवर आदळतो. त्याचे कौशल्य, त्याच्या गाडीची किंमत, तिच्यातल्या एअरबॅग यांपैकी काहीही त्या अंतरात मीटरभराची भर घालत नाही. अंतर वाढवण्याचे मार्ग दोनच. मागच्याने वेग उतरवायचा, आणि पुढच्याने लांबून दिसायचे.

पहिल्या मार्गाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. दुसऱ्याबद्दल फारसे बोलत नाही, आणि आकडे मात्र त्याकडेच बोट दाखवतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. टकरींच्या प्रकारांत सर्वांत मोठा वाटा मागून धडकण्याचा, एकूण अपघातांच्या सुमारे पाचव्या हिश्श्याचा होता. त्याच वर्षी धुक्यात झालेल्या अपघातांतल्या मृत्यूंची संख्या चौदा हजारांवर गेली होती. डिसेंबर २०२५ मध्ये मथुरेजवळ यमुना द्रुतगती मार्गावर पहाटेच्या धुक्यात बस आणि मोटारी एकामागून एक आदळल्या, पेटल्या आणि डझनाहून अधिक माणसे गेली. आपल्या बाजूला हैदराबाद-विजयवाडा रस्त्यावर कोदाडजवळ एप्रिल २०२४ मध्ये पहाटे एक मोटार उभ्या मालट्रकवर मागून आदळली आणि एकाच घरातली सहा माणसे जागच्या जागी संपली. तो तर धुक्याचा हंगामही नव्हता. उभे वाहन वेळेवर न दिसणे एवढे कारण एप्रिलमध्येही पुरते. डिसेंबरमध्ये त्यात धुके मिसळते, एवढाच फरक.

हिवाळ्यात आपल्या रस्त्यांवर पुढे कोण असते, हेही पाहायला हवे. तेलंगणात खरिपाचे भात निघते आणि शेतकरी ते वाळवायला डांबरी रस्त्याचा अर्धा भाग वापरतात. ढिगाच्या कडेने ओळीने दगड मांडलेले असतात आणि रात्री त्यावर काळी ताडपत्री पसरलेली असते. डांबरावरची काळी ताडपत्री धुक्यात दिसणे जवळजवळ अशक्य. आदिलाबादकडून कापसाच्या गाड्या निघतात, चाकांच्या बाहेर फुगलेल्या. जहीराबाद, उमरगा, सोलापूर या पट्ट्यात ऊस चालू असतो आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्यांकडे सरकत असतात. मागच्या ट्रॉलीला बहुतेक वेळा दिवा नसतो आणि बाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांत परावर्तक असला तरी झाकून जातो. हैदराबादच्या मराठी माणसाचे गावाला जाण्याचे रस्ते हेच आहेत. सोलापूर-पुण्याकडे राष्ट्रीय महामार्ग ६५, देगलूर-नांदेडकडे १६१, नागपूरकडे ४४. जानेवारीत संक्रांतीला विजयवाड्याच्या दिशेने सारे शहर बाहेर पडते आणि पंतंगीच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागते. वर्षातली सर्वांत मोठी गर्दी आणि धुक्याची पहाट एकाच वेळी रस्त्यावर येतात.

या सगळ्यावर जो उपाय आहे, तो अगदी स्वस्त आहे. परावर्तक पट्टी, जिला बाजारात सगळे ‘रेडियम’ म्हणतात, स्वतः प्रकाश देत नाही. तिच्या पोटात काचेचे बारीक मणी किंवा लोलकासारखे कोन बसवलेले असतात आणि ते आलेला प्रकाश जिथून आला त्याच दिशेला परत पाठवतात. त्यामुळे मागून येणाऱ्याच्या दिव्याचा उजेड त्याच्याच डोळ्यांकडे परततो. बॅटरी उतरलेली असो, वायर तुटलेली असो, चालक झोपलेला असो, पट्टी आपले काम करत राहते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०४ क्रमांकाच्या नियमात परावर्तकांची सक्ती आहे. मालवाहू गाड्यांना पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल पट्टी असे रंग ठरलेले आहेत, म्हणजे रंगावरून अंधारातही गाडी येते आहे की जाते आहे ते कळावे. नियमात उणीव नाही. उणीव योग्यता तपासणीनंतरच्या महिन्यांत आहे. नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासणीला जावे लागते. त्या दिवशी पट्टी लावलेली असते, नंतर चिखल, डिझेलची काजळी आणि माल चढवताना लागणारे घासे तिला खाऊन टाकतात. शिवाय दिवसा चमकणारी पण रात्री उजेड परत न पाठवणारी नकली पट्टीही विकली जाते. ती ओळखणे सोपे आहे. अंधारात वीस-तीस पावले मागे जाऊन टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर धरावा. अस्सल पट्टी एकदम पेटून उठते. नकली नुसती लालसर दिसते.

मोटारी आणि दुचाक्याही यात निर्दोष नाहीत. मागच्या दिव्यांवर काळी फिल्म लावून ते धुरकट करण्याची टूम तरुणांत आहे. त्याने ब्रेकचा लाल दिवा निम्माही दिसत नाही. नंबर प्लेटवर नियमाबाहेरची नक्षी काढली की तिचाही उजेड जातो. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू ठेवणाऱ्यांना आपण काळजी घेतो आहोत असे वाटते. पण त्यामुळे गाडी चालती आहे की उभी, आणि ती वळणार की सरळ जाणार, हे मागच्याला कळत नाही. ते दिवे उभ्या गाडीसाठी आहेत. हेडलाइटचा मोठा झोत धुक्याच्या थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणून दिवा खालच्या झोतावरच हवा. काच आतून धूसर झाली तर थंडीच्या भीतीने बंद ठेवलेला एसी चालू करावा, कारण तो हवेतली ओल शोषतो. हा सल्ला आपल्या हवेचा आहे, आणि फोनवर फिरायचाच असेल तर हाच फिरावा.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की मागून धडकणाऱ्याची चूक पुढच्याच्या गळ्यात कशाला बांधायची? अंतर राखणे ही मागच्याची जबाबदारी आहे. आक्षेपात तथ्य आहे, आणि वेग उतरवण्याला पर्याय नाही, हे वरच्या गणितातूनच निघते. पण गाडीच्या दिव्याचा खालचा झोत जेमतेम पन्नास-साठ मीटरपर्यंत पोहोचतो, आणि ८० च्या वेगाला थांबायला १२० मीटर लागतात. म्हणजे कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेत चालवणारा माणूसही रात्री न दिसणाऱ्या ट्रकपुढे हतबल असतो. मागच्याने किती सावध असावे याला मर्यादा आहे. पुढच्याने अदृश्य राहण्याला मात्र काहीच समर्थन नाही. याच आक्षेपाला जोडून मोटारवाल्यांच्या एका सवयीबद्दलही बोलायला हवे. ‘पहाटे चारला निघू, ऊन चढायच्या आत पोहोचू’ हा घराघरांतला हिशेब मे महिन्यासाठी उत्तम आहे. डिसेंबरात तोच हिशेब आपल्याला धुक्याच्या आणि झोपेच्या सर्वांत वाईट वेळी रस्त्यावर आणतो. हिवाळ्यात उन्हाची भीती नसते. सकाळी आठनंतर, सूर्याने धुके उचलल्यावर निघाले तर चार तास जातात, बाकी काही जात नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. मिशीवाला मुखवटा, गोंडे, लिंबू-मिरची यांवर ट्रकवाल्याचा विश्वास आहे. शहाणपणाच्या नावाखाली त्याची टिंगल का करावी? अजिबात करू नये. महिनोन्महिने घराबाहेर राहून, परक्या मुलुखात रात्री जागून काढणाऱ्या माणसाला काही आधार हवा असतो आणि तो त्याने कुठून घ्यावा हे इतरांनी ठरवू नये. मी मुखवटा काढा म्हणत नाही. त्या मुखवट्यामागे असलेली भावना, आपली गाडी आणि तिच्यातला जीव सुखरूप राहावा, तीच पुढे नेऊन गाडीच्या पाठीपर्यंत पोहोचवा, असे म्हणतो. शनिवारी किंवा अमावस्येला नवे लिंबू-मिरची बांधताना त्याच वेळी ओल्या फडक्याने मागची पट्टी पुसली, तर वेगळी आठवण ठेवायची गरज उरणार नाही. विधीचे वेळापत्रक आधीच ठरलेले आहे, त्याला फक्त एक फडके जोडायचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. नियमाचा दंडुका उगारला की तो गरिबाच्याच डोक्यात बसतो. पट्टी नाही म्हणून ट्रॅक्टरवाल्याला अडवायचे आणि पैसे घेऊन सोडायचे, एवढेच होईल. ही भीती अनुभवातून आलेली आहे आणि तिला उत्तर द्यायलाच हवे. माझ्या मते दंडाऐवजी जागेवर पट्टी लावून देणे हा मार्ग आहे. उसाची प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या गेटवर काट्यासाठी थांबतेच. महाराष्ट्रात अनेक कारखाने हंगामाच्या सुरुवातीला तिथे परावर्तक लावतात. तो उपक्रम एका दिवसाच्या समारंभापुरता न ठेवता हंगामभर, प्रत्येक खेपेला तपासण्याचा करावा. हेच कापसाच्या जिनिंग मिलच्या, धान्य खरेदी केंद्राच्या आणि मार्केट यार्डाच्या दारात करता येते. भात वाळवायला शेतकऱ्याला अंगण नाही म्हणून तो रस्त्यावर येतो. गावोगाव वाळवणाचे ओटे बांधून देणे हाच त्यावरचा सरळ उपाय, आणि तोवर ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांना पट्टीचे तुकडे शिवायला काही अवघड नाही. ट्रकच्या एका टायरच्या किमतीपुढे या पट्ट्यांचा खर्च नगण्य आहे.

बंद पडलेल्या गाडीचा प्रश्न मात्र वेगळा काढायला हवा. ट्रक रस्त्यात बंद पडला की क्लीनर मागे चार दगड आणि झाडाची एक फांदी ठेवतो, आणि दुरुस्ती झाली की ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात. नव्या गाडीबरोबर मिळणारा लाल त्रिकोण सीटखाली पडून असतो. तो किमान शंभर पावले मागे मांडला, तरच मागून येणाऱ्याला वरच्या गणितात सांगितलेले अंतर मिळते. मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम धोकादायक रीतीने वाहन सोडण्याला मनाई करते, पण बंद गाडी ओढून नेणारी क्रेन वेळेवर पोहोचली नाही तर चालकाने करायचे काय? टोल घेणाऱ्याने ती क्रेन पोहोचवणे हा टोलमधूनच आलेला प्रवाशांचा हक्क आहे. तसेच वेगमर्यादेचे. यमुना द्रुतगती मार्गावर दर हिवाळ्यात, साधारण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, वेगमर्यादा उतरवली जाते. हैदराबादच्या १५८ किलोमीटरच्या बाह्यवळण रस्त्यावर २०२३ मध्ये ती शंभरावरून १२० केली गेली. स्वच्छ दुपारी १२० ठीक असेलही. पण त्या वेगाने पहिल्या अडीच सेकंदांतच गाडी ८३ मीटर पुढे जाते. धुक्याच्या पहाटे जलाशयांजवळच्या पट्ट्यांत मर्यादा ४०-५० वर आणणारे प्रकाशफलक हवेत, आणि ते धुक्याच्या तुकड्याच्या पुरेसे आधी हवेत.

या कामात विनोदाला जागा आहे, असेही मला मनापासून वाटते. हैदराबादचे वाहतूक पोलीस गाजलेल्या चित्रपटांतले प्रसंग आणि व्हायरल झालेली वाक्ये वापरून हेल्मेटचा आणि मोबाइलचा प्रचार करतात, आणि लोक तो आपणहून एकमेकांना पाठवतात. कोरड्या सूचनेला हे भाग्य लाभत नाही. मात्र हसून झाल्यावर हाताला काही काम मिळाले नाही, तर विनोद तिथेच विरतो. म्हणून एक ठोस सुचवणी करतो. नंबर प्लेट आणि स्टिकर बनवणारी रेडियमची दुकाने प्रत्येक पेठेत आहेत, हयातनगरच्या रस्त्यावरच्या ऑटोनगरात ट्रकांची बॉडी रंगवणारे कारागीर आहेत. त्यांनी मिशीचे स्टिकर अस्सल लाल परावर्तक पट्टीतून कापावे आणि गाडीच्या पाठीवर लावावे. नियमाची सरळ पट्टी आधी, तिच्यावर ही हौस. रंग लालच हवा, कारण मागे पांढरे चमकले तर गाडी समोरून येते आहे असा भास होतो. दिव्यांवर आणि नंबरवर ती येऊ नये. पोलिसांनी आणि टोलनाक्यांनी ही मिशी संक्रांतीच्या आठवड्यात फुकट वाटली, तर तिच्या निमित्ताने हजारो गाड्यांची पाठ एकदा तरी पुसली जाईल.

सुरक्षिततेच्या चर्चेत आपण बहुधा स्वतःच्या रक्षणाचा विचार करतो: माझा पट्टा, माझे हेल्मेट, माझ्या एअरबॅग. मागची परावर्तक पट्टी त्या यादीत येत नाही, कारण ती चालकाला स्वतःला कधी दिसतच नाही. ती अनोळखी माणसासाठी लावायची असते. पण मागून येऊन आदळणारा तो अनोळखी माणूस आपल्या ट्रकखाली मरतो, आपल्या ट्रॉलीवर बसलेल्या मजुरांनाही घेऊन जातो आणि मग खटला, भरपाई, जप्त गाडी हे सारे आपल्याच दारात येते. म्हणजे दुसऱ्यासाठी लावलेली पट्टी आपल्यालाच राखते. या डिसेंबरात धुके पडणारच आहे आणि ऊस, कापूस, भात रस्त्यावर येणारच आहेत. त्यांना थांबवणे कुणाच्या हातात नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी कारखान्यांनी, मार्केट यार्डांनी आणि टोल कंपन्यांनी आपापल्या दारातून एकही काळी पाठ बाहेर पडू देणार नाही असे ठरवावे, परिवहन खात्याने तपासणीला टॉर्च घेऊन उतरावे, आणि आपल्यापैकी प्रत्येकाने गावी निघण्याची वेळ चार तास पुढे ढकलावी. एवढे करायला नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. ते न करण्यासाठी आता कोणतेही कारण उरलेले नाही.